चार लिटर

चॅम्पियनचं वजन चार किलो जास्त भरलं. दोन दिवसांत अंगात साचलेलं पाणी. नर्सने आकडा फाइलमध्ये लिहिला, त्याला डायलिसिसच्या खुर्चीत बसवलं आणि दंडात दोन्ही सुया टोचल्या.

“आज चारच्या चार लिटर काढा, सिस्टर,” तो हळूच म्हणाला. “उद्या सत्कार आहे. जिमला माझं नाव देतायत. फोटोवाले एक तरी पोज मागणारच. हे फुगलेलं अंग घेऊन उभा राहू?”

“डॉक्टरांनी तीन लिहिलेत. त्याहून जास्त तुमच्या हृदयाला झेपणार नाही.”

“डॉक्टरला स्टेजमधलं काय कळतं!”

शेजारच्या खुर्चीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी वर्तमानपत्र खाली केलं. “पैलवान, सत्तरीला आलात. आता कोणाला दाखवताय?”

“पैलवान नाही, सर, बॉडीबिल्डर. पैलवान दुसऱ्याला पाडतो. मी आयुष्यात कोणाला हात लावला नाही.”

सात वेळा विजेता, मध्ये गोळ्यांपायी तीन वर्षांची बंदी, बंदी उठल्यावर पुन्हा विजेता. त्याचे चेले अजूनही अंग कोरीव दिसावं म्हणून स्पर्धेआधी दोन दिवस पाणी बंद करत आणि लघवी होण्याच्या त्याच गोळ्या घेत. नर्सचा भाऊ त्यांच्यातलाच. तेविसाव्या वर्षी तो स्टेजच्या मागे कोसळला, तो उठलाच नाही. चार महिने ती चॅम्पियनला सुया टोचत होती. आपण कोणाची बहीण, हे तिने सांगितलं नव्हतं.

डॉक्टर वरच्या मजल्यावर होते. तिने यंत्राच्या पडद्यावरचा तीनचा आकडा चार केला. सुरू करायचं बटण मात्र दाबलं नाही.

“शाबास!” चॅम्पियन खुलला. “गुणाची पोर आहेस.”

“लिहून द्या.” तिने कागद आणि पेन पुढे केलं.

“काय लिहू?”

“मीच मागितलं, असं. काही झालं तर चौकशी होते. ती कशी होते, तुम्हाला माहीत आहे.”

त्याने मोकळ्या हाताने लिहायला घेतलं. ‘मी स्वतःच...’

“बरोबर,” ती म्हणाली. “‘त्याने स्वतःच गोळ्या मागितल्या, मी नको म्हणत होतो.’ माझ्या भावाच्या चौकशीत तुम्ही हेच सांगितलं होतंत.”

पेन थांबलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

“तू हत्तीची बहीण?” जिममध्ये तिच्या भावाला सगळे हत्ती म्हणत.

“हो.”

त्याची नजर पडद्यावरच्या चारच्या आकड्याकडे गेली, मग बटणावर टेकलेल्या तिच्या बोटाकडे.

“तीन करा, ताई.”

“चार कोणी मागितले?”

“मी.”

“आणि गोळ्या?”

मुख्याध्यापकांनी वर्तमानपत्राचं पान उलटायला हात उचलला होता. तो तसाच राहिला.

“ताई, झालं गेलं...”

“गोळ्या कोणी मागितल्या?”

“कोणी नाही,” चॅम्पियन म्हणाला. “मी दिल्या. तोच नको म्हणत होता.”

तिने आकडा तीनवर आणला आणि बटण दाबलं. नळीतून रक्त यंत्राकडे निघालं. पाणी डॉक्टरांनी लिहिलं होतं तेवढंच निघणार होतं, थेंबभरही जास्त नाही.

“सत्काराचा कार्यक्रम टीव्हीवर आहे ना?” तिने विचारलं. “आई बघणार आहे. शर्ट मात्र नक्की काढा.”

सूज तपासायला तिने त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खड्डा पडला. दोघंही तो भरायची वाट बघत राहिले.