गाडीनं निवडलेलं घर

घाटातली वळणं सकाळच्या सेडाननं अलगद कापली होती. तिच्या सीट्सही उत्तम होत्या. दुपारची प्रतिस्पर्धी सेडान वळणांवर झुलत होती, आतलं प्लास्टिकही हलकं होतं. बावीस वर्षं गाड्यांची परीक्षणं लिहून हेमांगी टिळेकर थकल्या होत्या. त्यांनी या दुसऱ्या गाडीला महाडला जायला सांगितलं. पण तिचं नेव्हिगेशन स्टीअरिंगवरच्या तळहातांच्या नाडीवरून मन ओळखायचं. गाडी आपोआप मागं फिरली आणि भोरला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या दारात थांबली. भांडणानंतर सहा वर्षं त्या इथं आल्या नव्हत्या.

"मी महाड म्हटलं होतं."

"यायचं इथंच होतं," गाडी म्हणाली.

दारातून कुमुद बघतच राहिली. "ताई, किती वाळलीस गं! ये आत."

चहा होईपर्यंत हेमांगी सोफ्यावरच झोपून गेल्या. संपादकांचा फोन वाजला, तेव्हा कुमुदनं तो बंद करून टाकला.