गोलसमोरचं गवत

दर शनिवारी पोरांची ऑस्ट्रेलियन फुटबॉलची मॅच सुरू व्हायच्या आधी म्हाताऱ्या मिसेस पास्को गोलच्या चार खांबांपाशी जायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि पर्समधल्या डबीतून चमचाभर राखाडी काहीतरी गवतात टाकायच्या. रियाननचा जीव खालीवर व्हायचा. तिचा सात वर्षांचा मुलगा लॅकी त्याच गवतात लोळायचा आणि तीच बोटं तोंडात घालायचा. उंदराचं औषध तर नसेल? मेलबर्नच्या त्या उपनगरातले वीटभट्टी आणि नदीकाठ हे दोन क्लब एक झाले, तेव्हा मिसेस पास्कोंचा वीटभट्टीचा क्लब बुडाला आणि मैदान राहिलं ते नदीकाठवाल्यांचं. तो राग म्हातारी आता पोरांवर काढत असेल तर?

आज रियाननने डबीसकट मिसेस पास्कोंचा हात धरला. "काय टाकताय? खरं सांगा, नाहीतर पोलिसांना बोलावते!"

"हळू बोल गं बाई, कमिटीवाले ऐकतील," मिसेस पास्को पुटपुटल्या. "माझ्या नवऱ्याची, मर्व्हची रक्षा आहे ही. 'मेलो तरी नदीकाठवाल्यांच्या मैदानावर पाय ठेवणार नाही,' म्हणायचा. त्या हट्टापायी नातवाची एक मॅच बघितली नाही मेल्यानं.



आता चमच्याचमच्यानं आणतेय, म्हणजे त्याच्या लक्षात येणार नाही."