पाठमोरी

मैत्रेयी आर्ट कॉलेजात शिकत होती. परीक्षेसाठी ती चित्रांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन बेलवलीच्या घरात वाचत बसली होती. शेजारी तिची आई शालन, उल्हासनगरहून आणलेल्या जीन्सचे जादाचे धागे कापत होती. पुस्तकात एकामागून एक उघड्या बायकांची चित्रं यायला लागली, तशी शालनने कात्री खाली ठेवली.

"सगळ्या बायकाच आहेत गं. काढल्या कुणी?"

"बहुतेक पुरुषांनीच."

"मग ह्या बायकांना आपलं चित्र बघायला तरी मिळालं का?"

मैत्रेयीने पुस्तक चाळून पाहिलं. चित्रकारांबद्दल, चित्रं विकत घेणाऱ्यांबद्दल पानंच्या पानं होती. हे मात्र कुठेच नव्हतं.

"माहीत नाही, आई."

शालन उठली. तिने दाराला कडी लावली.

"तुझे पप्पा ड्यूटीवरून यायला वेळ आहे. माझं काढ. मला बघायचंय."

कपडे उतरवून ती पाठमोरी बसली. आधी खांदे आवळून होती, मग हळूहळू सैल झाली. मैत्रेयीने दिसलं तसं काढलं, ब्राच्या पट्ट्यांचे वळ, कंबरेवरच्या वळ्या, सगळं.

चित्र हातात घेऊन शालन बराच वेळ बघत राहिली. मग तिने पाठीच्या मधोमध बोट ठेवलं.

"हा डाग कसला?"

"तीळ आहे, आई. तुझाच."

"एवढा मोठा?" शालन म्हणाली. "इतकी वर्षं संसार केला, मला कुणी सांगितलंच नाही."