खांदमळणी

पुढच्या डाव्या चाकाच्या आऱ्यांतून पळसाचे एक पान बाहेर डोकावत होते. लखन खाली बसला. ब्रेकच्या डिस्कवरून त्याने बोट फिरवले आणि नाकाशी नेले. हळद आणि तूप. उजव्या चाकालाही तेच. काम मन लावून केलेले होते. पॅड जिथे डिस्कला धरतात, त्या फटीतही तूप बोटाने सारलेले होते.

काल संध्याकाळी त्याच्या वडिलांनी, सुधाकररावांनी, नऊ वर्षांत पहिल्यांदा या गाडीविषयी प्रश्न विचारला होता. तोवर ती त्यांच्या लेखी भंगार होती. आदिलाबादच्या एका गॅरेजमागे गवतात पडलेली ती छोटी हॅचबॅक लखनने दोराने बांधून गावी आणली, तेव्हाही भंगार. तिचे इंजिन त्याने दोनदा उतरवले, कॅमशाफ्ट नांदेडहून नवा घडवून आणला, हवा आणि पेट्रोलचे गणित लॅपटॉपवर शंभरदा मांडून मोडले, आणि गुडीहत्नूरच्या महामार्गावर ती पहिल्यांदा बाणासारखी सुटली, तेव्हाही भंगारच. काल मात्र ते अंगणात येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारले, हिचा सगळा भार कुठं पडते?

लखन हरखला. वेगात असताना थांबवले की सारा भार पुढच्या दोन चाकांवर येतो, हे त्याने अर्धा तास समजावून सांगितले. मोबाइलच्या उजेडात डिस्क दाखवल्या. चार महिने वाट पाहून कोइम्बतूरहून आणलेले पॅड दाखवले. सुधाकरराव मान हलवत राहिले. इतक्या एकाग्र विद्यार्थ्याचा संशय यायला हवा होता.

पोळ्याच्या आदल्या सांजेला पळसाच्या पानावर हळद-तूप घेऊन बैलाचा खांदा चोळतात. वर्षभर जू वाहिल्याची ती भरपाई. हिला खांदमळणी म्हणतात. सुधाकररावांनी गाडीचा खांदा शोधला होता, आणि तो बिनचूक दाखवून देणारा त्यांचाच मुलगा होता.

घरचे बैल, कवड्या आणि हरण्या, गेल्या पोळ्याला याच अंगणात पुरणपोळी जेवले आणि आठव्या दिवशी व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढले. लखन त्या दिवशी आदिलाबादला गेला होता. परतला तेव्हा गोठा धुऊन काढलेला होता आणि ट्रॅक्टरसाठी मोजमाप चालले होते; तो ट्रॅक्टर अजून आला नव्हता. पोळ्याच्या दिवशी मारुतीपुढच्या तोरणाखालून पहिले जाण्याचा या घराचा मान मात्र बैलांबरोबर विकला गेला नव्हता. मान टिकवायचा तर तोरणापुढे काहीतरी उभे करणे भाग होते. नाहीतर गावातली पोरे झडत्यांमध्ये, पोळ्यातल्या त्या टोमणेवजा कवनांमध्ये, बिनबैलाच्या घराचे नाव घेऊन हसली असती. म्हणून नऊ वर्षांच्या भंगाराला एका रात्रीत बैलपण मिळाले.

"आवतनबी देलं राती त्याईनं," आई, कुसुमबाई, पूजेचे ताट घेऊन मागे उभी होती. "गाडीच्या लाइटीपुढं हात जोडून. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तिला हसावे की कसे, ते कळत नव्हते.

सुधाकरराव नवे धोतर नेसून बाहेर आले. त्यांनी कवड्याची घुंगरमाळ गाडीच्या बॉनेटवर घातली, मागे सरून पाहिली, पुन्हा नीट केली.

"कर सुरू. उशीर होऊन राह्यला."

ब्रेक लागणार नाहीत, लखनने सांगितले. मारुतीपर्यंत सगळा उतार आहे आणि खाली गावची लेकरे उभी आहेत. पॅड एकदा तूप प्याले की फेकायचेच, हेही तो सांगणार होता. पण ते त्याने गिळले.

"काऊन? तुपानं कोणाचं वाईट झालं काय आजवर? हळू ने."

फाटकाबाहेर गल्लीत मागच्या घराचा भारत आपली जोडी धरून खोळंबला होता. पहिले घर निघाल्याशिवाय दुसऱ्याने पुढे जायचे नसते. बैलांची शिंगे निळी रंगवलेली होती. त्याने फार नम्रपणे विचारले, "काका, येता काय? का आमी होऊ म्होरं?" त्याच्यामागे कोणीतरी खुदकन हसले.

लखनने किल्ली खिशात टाकली. तो रिकाम्या गोठ्यात गेला. खुंटीवर कवड्याचा कासरा अजून होता. त्याने तो गाडीच्या पुढच्या हुकात अडकवला, गाठ दोनदा आवळली आणि दुसरे टोक वडिलांच्या हातात दिले.

"खांदा मळला ना तुमी त्याचा? मंग आज त्याले जुंपत नाईत, बाबा. कासऱ्यानं नेतात. मी मागचा ब्रेक धरतो."

मागचे ब्रेक बंद डब्यात असतात. तिथवर तूप पोचले नव्हते. लखन आत बसला, दार ओढून घेतले आणि हँडब्रेकवर हात ठेवला.

सुधाकररावांनी गल्लीकडे पाहिले, मग हातातल्या दोराकडे. त्यांनी कासरा ओढला. गाडी हलली नाही. मारुतीकडे डफडे वाजू लागले. त्यांनी काष्टा घट्ट केला, गाडीकडे पाठ केली, दोर खांद्यावर घेतला आणि कमरेत वाकून पुढे रेटा दिला. दोर नव्या सदऱ्यात रुतला. पाय मातीत घसरले. घुंगरमाळेतले एकही घुंगरू वाजले नाही.

"नेटानं, काका," बाहेरून भारत म्हणाला.

लखन काचेतून त्या खांद्याकडे पाहत होता. हँडब्रेक त्याने अजून सोडला नव्हता.