चिंचेची सावली

"सूर्योदयाच्या टेकडीवर दुपारी बारा वाजता?" लेकीने पेन्सिल खाली ठेवली. "बाबा, सूर्य काय तुमच्या गाडीची वाट बघत थांबणार आहे?"

जेवणाच्या टेबलावर अख्खा देश पसरला होता. पंख्याने नकाशा उडू नये म्हणून दक्षिणेच्या समुद्रावर साखरेचा डबा आणि मधल्या जंगलावर चष्म्याचं घर ठेवलं होतं. आधी समुद्र, मग डोंगरातले चहाचे मळे, मग जंगलातला धबधबा आणि शेवटी उत्तरेच्या कोरड्या माळावरची ती टेकडी. लेकीने रजा टाकली होती, गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने ठरवली होती. आखणी मात्र बाबांची, म्हणजे कॅप्टनची. जन्मभर टूरिस्ट बस चालवलेला माणूस. प्रवासी त्याला कॅप्टन म्हणायचे. नोकरी सुटली तरी नाव काही सुटलं नाही, घरचेही थट्टेने तेच म्हणत.

"बाराच्या सुमाराला पार्किंगवर चिंचेची सावली असते," कॅप्टन म्हणाला. "गाडी तापत नाही."

"आणि धबधब्याला सकाळी सहा?"

"तेव्हा दुसऱ्या बस नसतात. वळवायला मोकळी जागा मिळते."

"अहो बाबा, धबधब्याचं फाटकच नऊला उघडतं!"

बायको समोर शेंगा सोलत बसली होती. ती खुदकन हसली. "असू दे गं. धबधबा नाही दिसला तरी चालेल. मला ती टेकडी तेवढी दाखवा. पायाखाली ढग, आणि त्यातून सूर्य वर येतो तो. किती वेळा सांगितलंत तुम्ही! घरात बसून बसून जीव विटायचा, तेव्हा मी डोळे मिटून तिथं जाऊन यायची."

कॅप्टन नकाशाची घडी उगाच सरळ करू लागला. सांगितलं होतं खरं. दर खेपेला थोडं वाढवून सांगितलं होतं. आधी नुसते ढग होते, पुढे ढगांवरून पक्षी उडायला लागले. पण तो स्वतः त्या टेकडीवर कधी चढलाच नव्हता. ना त्या टेकडीवर, ना दुसऱ्या कुठे. बसमध्ये लोकांच्या बॅगा, त्यामुळे ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही, असा कंपनीचा नियम. लोक घामाघूम होऊन परत यायचे, एकमेकांना वरच्या गमती सांगायचे, आणि कॅप्टन पुढे बघत ऐकायचा. ते उसनं आणलेलं त्याने घरी मात्र स्वतःचं म्हणून वाढलं. आता ती तिथं जाणार, आणि ढग नसले तर? बारा वाजता गेलं तर निदान म्हणता येईल की भर दुपारी कुठले ढग. हाही हिशेब त्या बारामध्ये होता.

"चढण कितपत आहे?" लेकीने विचारलं. "आईचे गुडघे बघायला हवेत."

"चढण... काही विशेष नाही. आपलं थोडंसं."

लेकीने मोबाइल काढला, बोटाने खालीवर केलं. "थोडंसं? बाबा, तासभर चढायचंय. सगळ्या पायऱ्या, त्याही खड्या."

शेंगा सोलणारे हात थांबले. बायकोने एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग नकाशाकडे. तिचा उतरलेला चेहरा कॅप्टनला बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून तो घाईघाईने बोलून गेला, "बसत उठत जा गं तुम्ही दोघी, काही घाई नाही. मी आहे ना खाली गाडीपाशी."

"गाडीपाशी कशाला? गाडीला ड्रायव्हर आहे की," लेक म्हणाली.

कॅप्टन गप्प झाला. बायको त्याच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिला त्याची गप्प बसण्याची एकूणएक तऱ्हा ठाऊक होती, ही मात्र नवीन होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही वर गेलाच नाहीत ना कधी?"

त्याने चष्म्याचं घर उचललं, पुन्हा तिथंच ठेवलं. "गाडी सोडता यायची नाही."

"आणि ते ढग? पक्षी?"

"ढग लोकांचे. पक्षी माझे." त्याला मान वर करवेना. "तू विचारायचीस. काही पाहिलं नाही असं सांगायला जीभ रेटायची नाही. तू इथं चार भिंतींत, आणि मी देशभर हिंडून रिकाम्या हाताने कसं यायचं?"

लेक काही बोलायला गेली. आईने हातानेच तिला थांबवलं. मग उरलेल्या शेंगा बाजूला सारल्या, लेकीसमोरची पेन्सिल घेतली आणि नकाशाच्या कडेला लिहिलेलं 'दुपारी बारा' खोडून त्या जागी आपल्या वळणदार अक्षरात 'पहाटे' लिहिलं.

"माझे गुडघे काही तासभर चढायचे नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही लेकीबरोबर वर जा. मी बसते गाडीपाशी. आल्यावर सांगा काय दिसलं ते. ढग नसले तर नाहीत म्हणून सांगा, मी काही रुसणार नाही."

कॅप्टनने मान वर केली.

"चिंचेच्या डाव्या बाजूला बस," तो म्हणाला. "तिथं एक मूळ वर आलंय, टेकायला बरं पडतं. उजवीकडे लाल मुंग्या आहेत."