हिरवा लोट

हगवणीनं पोर गेली तेव्हापासून नाकिबुले दर सोमवारी ओढ्याचं पाणी तपासायची. सेमाकुलाच्या लॉजच्या वरचं पाणी तपासणीचं औषध घातलेल्या बाटलीत नितळ राहायचं, खालचं जंतू असल्यानं काळं पडायचं. बाटल्या दाखवल्या तर तो हसला. "बाई, ओढ्यात सगळा गाव हगतो. माझंच कसं ओळखलंस?" त्याच्या मुलीच्या मागणीला पाहुणे ओढ्याकाठच्या मांडवात शिजवलेल्या केळ्यांचे मटोके जेवत असताना नाकिबुले लॉजच्या संडासात शिरली, हिरव्या रंगाची पुडी ओतली आणि साखळी ओढली. ती मांडवात आली तोच लव्हाळ्यातून हिरवागार लोट पाहुण्यांसमोर आला. "हे काय?" व्याह्यांनी विचारलं. "यजमानांचा संडास," ती म्हणाली. सगळ्यांचे हात ताटातच थबकले. सेमाकुला दात आवळून कुजबुजला, "एक दिवस थांबायचं होतंस." "माझी पोर थांबली का? ओढ्यात सोडलेला संडासाचा पाइप बुजवा. आत्ता, पाहुण्यांदेखत." समारंभाचा पांढराशुभ्र, पायघोळ कंझू गुडघ्यापर्यंत खोचून सेमाकुला चिखलात उतरला.