पंख शाबूत

बाबांना सांभाळणारी बाई आज आलीच नाही, म्हणून लेकीने त्यांना व्हीलचेअरवर बसवून थेट आपल्या प्रयोगशाळेतच आणलं होतं. उभा जन्म विजेच्या खांबांवर चढण्यात गेलेला माणूस. खुबा मोडल्यापासून लेकीकडे होता. हाड कधीच जुळलं होतं. महिनाअखेर आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जाणार, असं त्यांनी चारचौघांत जाहीरही करून टाकलं होतं.

ती रातकिड्यांच्या माद्या एकेक करून हवेत सोडत होती. पहिली भुर्रकन खिडकीच्या जाळीवर गेली. दुसरी खाली अंथरलेल्या कापसावर टपकन पडली.

"हिचे पंख तर शाबूत आहेत," बाबा म्हणाले.

पंखांना काही झालेलंच नाही, तिने सांगितलं. हिच्या पाठीवर हार्मोनचा एक थेंब लावला होता. एरवी तो अंगातच तयार होतो, अंडी धरायची वेळ आली की. शरीराला वाटतं, उडायचं काम संपलं; मग ते उडायचे स्नायूच विरघळवून टाकतं. तिने दोन माद्या उघडून भिंगाखाली दाखवल्या. एकीचा स्नायू गुलाबी, भरलेला. दुसरीचा पांढराफटक, दोऱ्याएवढा उरलेला.

"तिला कळतं का गं?"

"उडायला जाईपर्यंत नाही."

बाबा बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. मग त्यांनी खुर्चीचा ब्रेक लावला, टेबलाची कड धरली आणि उठू लागले.

"थांबा बाबा, मी आहे ना," म्हणत ती धावली. हे वाक्य तिच्या तोंडात बसलं होतं. रोज चालवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पाणी हवं, मी आहे ना. चष्मा हवा, मी आहे ना. तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं तिने त्यांना. आणि खरं सांगायचं तर, त्यांनी जाऊच नये असंही तिला मनातून वाटत होतं.

"आज लांब उभी राहा," बाबा म्हणाले.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांनी जोर लावला. दंड थरथरले, अंग वीतभर वर आलं आणि पुन्हा खुर्चीत बसलं. परत एकदा. पायांना जणू ऐकूच गेलं नाही. मग त्यांनी टेबलाची कड सोडून दिली. स्नायू कसे जातात हे जगाला शिकवत होती ती, आणि घरात तिला काही म्हणता काही दिसलं नव्हतं.

बाबांनी घाम पुसला आणि हसले, तिला बरं वाटावं म्हणून.

"माझ्या घराला भाडेकरू बघ," ते म्हणाले. "तरुण कुणीतरी बघ. जिने फार आहेत."